खाली नाव अंजलीचं

दिवाळी सरली की आमच्या घराला कुलूप लागायचं, ते थेट मृग निघेपर्यंत. किल्ली शेजारच्या मथुरामावशीच्या फडताळात जायची आणि आबा, माय न् थोरला दादा मारुती मेंढ्या घेऊन निघायचे. दोन तट्टांवर अख्खं घर चढायचं. तवा, पितळ्या, ज्वारीचं पोतं, घोंगड्या, कोंबड्यांचं डालगं, आणि नुकती जन्मलेली, अजून नीट चालता न येणारी दोन-चार कोकरं झोळीत, नुसती तोंडं बाहेर काढून. पीक निघालेल्या रानात शेतकरी मेंढ्या बसवून घ्यायचे. दोन रात्री इथं, चार रात्री तिथं. लेंडीखत त्यांच्या शेताला, बदल्यात ज्वारी आमच्या पोत्यात. हट्ट्याकडं, कुरुंद्याकडं, कधी पार सेनगावच्या माळापर्यंत. आज आमचं घर कुठं आहे, असं कुणी विचारलं तर माणसं हातानं दिशा दाखवायची, गाव सांगायची नाहीत. हे मुद्दाम आधी सांगते, कारण ज्या वर्षाबद्दल लिहायला बसले आहे, त्या वर्षी पहिल्यांदा मला कागदावर कुणाचा तरी पत्ता लिहायची वेळ आली, आणि आमच्या घराला पत्ताच नाही हे माझ्या ध्यानात आलं.

मी त्या वर्षी बारावीला हिंगोलीत होते, मुलींच्या वसतिगृहात. आमच्या भावकीत बारावीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. आबांना अक्षर येत नव्हतं, पण मेंढ्या मोजताना कधी चुकायचे नाहीत. आणि पोरगी शिकली पाहिजे हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं होतं, देव जाणे. पहिलीत घालायला मला ते स्वतः घेऊन गेले होते. गुरुजींनी नाव विचारलं. आबा म्हणाले, "धुरपता. आमी धुरपा म्हणतो." गुरुजींनी रजिस्टरात 'द्रौपदी' लिहिलं आणि सांगितलं, "शाळेत हेच नाव." आबांनी मान हलवली. घरी येऊन मायला म्हणाले, "शाळेत नाव बदलत असतेत." तेव्हापासून मी कागदावर द्रौपदी आणि घरी धुरपा. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. पुढं जे झालं त्याचं बी तिथंच पडलं होतं, हे फार उशिरा समजलं.

वसतिगृहाचं सांगायचं तर खोलीत आम्ही चौघी. जेवणात पातळ वरण, इतकं पातळ की ताटाचा तळ दिसायचा, आणि पोळ्या अशा की मुली म्हणायच्या, पावसात डोक्यावर धरल्या तर भिजायचं काम नाही. गुरुवारी मटकीची उसळ, तो आमचा सण. मला पोळीची सवयच नव्हती. आमच्याकडं तीन दगडांच्या चुलीवरची ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा, आणि मेंढी व्यालेली असली की दाट, पिवळसर दूध. पण खरं सांगायचं तर जेवणापेक्षा आवाज छळायचा. दिवस मावळताना मेंढ्या रानातून वाड्याकडं येतात तेव्हा दिवसभर मागं राहिलेली कोकरं एकदम ओरडायला लागतात. दोनशे मेंढ्या, पन्नास-साठ लेकरं, सगळ्यांचा गलका, आणि त्यात प्रत्येक कोकरू बराबर आपल्याच आईच्या कासेला जाऊन लागतं. मग एकाएकी सगळं शांत. ती शांतता म्हणजे माझ्यासाठी संध्याकाळ. हिंगोलीत त्या वेळेला पिठाच्या गिरणीचं इंजिन चालायचं, छोट्या रेल्वेची शिट्टी व्हायची, आणि खोलीत तिघी मैत्रिणी एकमेकींच्या वेण्या घालत बसायच्या. मी माझी वेणी स्वतः घालायची. कुणी वाईट नव्हतं. एकदोघी मागून 'बेंऽऽ' असा आवाज काढायच्या, तेवढं सोडलं तर कुणी मला काही बोलायचं नाही. बोलायचंच नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर कुरुंद्याची शोभा. तिच्या घरची हळदीची शेती. दर रविवारी तिचे वडील, भगवानकाका, डबा घेऊन यायचे. वसतिगृहाच्या निंबाखाली सतरंजी टाकून बापलेक जेवायचे. काका मलाही हाक मारायचे, "ये गं पोरी, धपाटे हायती." मी म्हणायची, "पोट भरलंय काका." आणि पुस्तक घेऊन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसायची. माझ्याकडं कुणी यायचं नाही. येणार कसं? मेंढ्या सोडून माणूस कुठं जातो? हे मला कळत होतं. तरी दर रविवारी मी धुतलेली ओढणी घ्यायची.

त्यात सहामाहीला इंग्रजीत एकोणीस मार्क पडले. शंभरात एकोणीस. बाकी विषय निघाले, इंग्रजीत मी आडवी झाले. बारावीत नापास झाले तर वसतिगृहातली जागा जाणार, आणि जागा गेली की पुढचं कॉलेज संपलं; मी परत झोळीतल्या कोकरांमागं. तेव्हा रेक्टरबाईंनीच मला पाठक सरांकडं पाठवलं. सर देवळाच्या मागं राहायचे. घरात पिढीजात पूजा, त्यामुळं त्यांच्या ओसरीवर शिकवताना आतून कापराचा वास यायचा आणि मध्येच घंटा वाजायची. घंटा थांबेपर्यंत सर थांबायचे, मग अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच उचलायचे. आम्ही तीस-एक पोरंपोरी, सगळी इंग्रजीत पडलेली.

सर म्हणायचे, "मराठीत क्रियापद घरच्या म्हाताऱ्यासारखं असतं, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी येऊन बसतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग दुसऱ्या नंबरलाच घुसतं. एवढं लक्षात ठेवलं तरी दहा चुका कमी होतील. आणि येत नाही ते वाक्य लिहू नका. तीन शब्दांचं लिहा, पण बिनचूक लिहा. परीक्षक तुमची हौस तपासत नाही, चुका तपासतो."

मग एके दिवशी त्यांनी पत्रलेखन काढलं. फळ्यावर नुसता चौकोन आखला. "हा पत्राचा सांगाडा. उजव्या कोपऱ्यात पत्ता. त्याखाली तारीख. मग डाव्या हाताला, माय डिअर फादर. पुढं स्वल्पविराम. स्वल्पविराम विसरलात की अर्धा मार्क गेला. मजकुराचे तीन परिच्छेद. शेवटी युअर लव्हिंग सन किंवा डॉटर. मजकूर फसला तरी सांगाड्याचे मार्क कुणी काढून घेत नाही. आता खाली नाव. कुणाचं लिहायचं?"

"आपलं," मागून कुणीतरी बोललं.

"आपलं लिहिलंस तर पेपर बाद! ती ओळख पटवायची खूण समजतात. बोर्डाच्या पेपरात स्वतःचं नाव चुकूनही लिहायचं नाही. पोरांनी लिहायचं अनिल, पोरींनी अंजली. आजपासून वहीतसुद्धा हेच. हाताला वळण पाहिजे."

"सर, आणि बापाचं नाव?" भोयर नावाचा एक वात्रट पोरगा होता.

"बापाला नुसतं फादर म्हणायचं. इंग्रजीत सगळ्यांचे बाप सारखेच."

वर्ग हसला. मी वहीत अंजली लिहिलं. त्या ओसरीवर त्या दिवशी चौदा अंजली होत्या.

सरांचा आणखी एक नियम होता. दर शनिवारी गाइडातलं एक पत्र स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खरोखर पोस्टात टाकायचं. "न टाकलेलं पत्र म्हणजे न गिळलेला घास. टाका, म्हणजे भीती जाईल. वर पत्ता तुमचा खरा लिहा, हरवलं तर परत येईल. नाव मात्र अंजली." बाकीच्यांनी वहीत लिहून सही घेतली आणि झालं. मी नियम पाळला. सांगितलेलं सगळं करायचं, ही माझी खोड आजही गेलेली नाही. पण नियमापेक्षाही मला निमित्त हवं होतं. जवळा बाजारला रामेश्वर सेठचं भुसार दुकान होतं. आबा कुठंही असले तरी तिथल्या आठवडी बाजाराला मीठ-मिरची न्यायला यायचे, आणि आमच्या लोकांचे निरोप तिथंच पडायचे. त्या दुकानाच्या पत्त्यावर मी पत्र टाकायला लागले.

मराठीत का नाही लिहिलं, असं माझी मुलगी मला विचारते. तिला सांगणं अवघड जातं. मराठीत लिहिलं असतं तर ते रामेश्वर सेठनं पोत्यावर बसून, भर बाजारात, मोठ्यानं वाचलं असतं. मला इथं करमत नाही, रात्री उशी तोंडात धरते, हे सेठच्या तोंडून आबांनी ऐकायचं? शेजारी चार माणसं ज्वारीचा भाव करत असताना? त्यापेक्षा इंग्रजी बरं. मला वाटलं, कुणाला वाचता येणार नाही. आबा नुसता कागद हातात घेतील, पोरीचा आहे एवढं त्यांना कळेल, आणि तेवढंच मला पाहिजे होतं. म्हणून मी गाइडातलं जसंच्या तसं उतरवायची. वसतिगृहातील जीवनाचे वर्णन करणारे वडिलांना पत्र. द फूड इज टेस्टी अँड हेल्दी. आय हॅव मेनी फ्रेंड्स. वुई प्ले, वुई सिंग. डोन्ट वरी अबाउट मी. मग सहलीचं पत्र, स्नेहसंमेलनाचं पत्र, पहिला नंबर आल्याचं पत्र. गच्चीवर टाकीमागं बसून, वाळलेली पोळी चावत मी लिहायची की जेवण चविष्ट आहे. तेव्हा मला त्यात खोटं काही दिसत नव्हतं. ते अंजलीचं पत्र होतं. मी फक्त हात.

एक दोन शनिवार झाले, सहा झाले, नऊ झाले. माझ्या अक्षराला वळण आलं. सर म्हणाले, "आता सांगाडा पक्का झाला." आणि मी मनात एक वेडी आशा धरून बसले होते, की कुणाकडून तरी लिहून घेऊन आबा एखादा कागद पाठवतील.

वसतिगृहाच्या दाराशी खिडकीला बारीक तारेची जाळी होती. चौकीदार खानचाचा आलेली पत्रं त्या जाळीत खोवून ठेवायचे. रोज क्लासवरून आले की मी आधी जाळीकडं बघायची. शोभाचं, सुनंदाचं, मीराचं. द्रौपदी कुठंच नाही. एक निळं आंतरदेशीय मात्र बरेच दिवस तिथंच पडून होतं. वर फक्त 'कुमारी अंजली, मुलींचे वसतिगृह, हिंगोली'. खानचाचा येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना विचारायचे, "अरे, ये अंजली कौन है बेटा? इसका खत सूख रहा है."

"मागल्या वर्षी होती चाचा," मुली सांगायच्या, "लग्न झालं तिचं. वाशिमला दिली."

"तो वाशिम भेजो ना! इधर काहे को टंगा है?" असं म्हणून ते पुन्हा जागेवर खोवून ठेवायचे. दुसरीच्या पत्राला हात लावायचा नाही, हा रेक्टरबाईंचा कडक नियम. माझं नाव नसलेल्या पत्राला मी कशाला हात लावते? मी ते पत्र रोज बघत होते. उन्हानं त्याची एक कड फिकी झाली, तेही बघितलं.

माघाचे दिवस होते. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. रविवारी भगवानकाका आले, निंबाखाली बसले, आणि मी नेहमीसारखी टाकीकडं निघाले तर त्यांनी हाक मारली.

"काहून गं पोरी, मागल्या आयतवारी कुठं गेल्ती तू?"

"कुठंच नाही काका. इथंच होते."

"मंग नाक्यावर आली काहून न्हाईस? तुझा बाप उभा होता की! मी परतीच्या बसला बसलो तवा पाहिलं. सगळा कळप रस्त्यावर. ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिले, शिव्या देऊन राहिले, अन् ह्यो माणूस काठी टेकून उभा. तुझी माय फडक्यात काय तरी बांधून हातात धरून. मी खिडकीतून वरडलो, अहो निघा, गाडीखाली येतेल मेंढरं. तर म्हणतो कसा, 'थोडं थांबतो, पोरगी येनार हाय.'"

शोभानं घास तसाच हातात धरला होता.

"मला कुणी सांगितलंच नाही," मी म्हणाले.

"न्हाई कसं? आमच्या रानात मेंढ्या बसल्या होत्या ना, पुढच्या सालच्या हळदीचं रान. तवा आमच्या गुरुजीकडून कागद लिहून घेतला त्यानं. माह्यासमोर. हितंच धाडला."

मी दाराकडं धावले. जाळीत सुनंदाचं एक पाकीट होतं, आणि ते फिकं निळं आंतरदेशीय. पहिल्यांदाच मी त्याच्यावरचा पोस्टाचा शिक्का बघितला. कुरुंदा.

"चाचा, हे माझं आहे."

"तेरा? तू तो द्रौपदी है."

"हो चाचा. पण हे माझंच आहे."

खानचाचांनी माझ्याकडं बघितलं. रेक्टरबाईंच्या खोलीकडं बघितलं. मग पाठ फिरवून बिडी पेटवायला लागले. मी पत्र काढून घेतलं.

ते पत्र अजून माझ्याकडं आहे. घडीवर फाटलं, मागून पातळ कागद चिकटवला. गुरुजींचं अक्षर वळणदार, पण बोलणं सगळं आबांचं. गुरुजींनी जसं ऐकलं तसं लिहिलं होतं, त्यांचे उपकार. त्यात असं होतं:

'अंजलीला आबाचा आशीर्वाद. तुझे कागद पोचले. गुरुजीनं वाचून दावले. तुला मैतरणी भेटल्या, जेवन चांगलं हाय, हे ऐकून बरं वाटलं. मायला बी सांगितलं. एकदा यावं म्हनत होतो, पर तू मजेत हाय तर घोंगडं घेऊन तुझ्या मैतरणीत कशाला यावं म्हनून आलो न्हाई. पुढच्या पुनवंच्या आयतवारी मेंढ्या हिंगोलीच्या नाक्यावरून सेनगावकडं जानार, ऊन कलल्यावर. तुला सवड असली तर नाक्यावर उभी ऱ्हा. नसली तर हरकत न्हाई. नाव बदललेलं गुरुजीनं सांगितलं. सासरी गेल्यावर पोरीचं नाव बदलतेत, शाळेत बी बदललं व्हतं, तसं कालेजात बदललं आसंल. नाव चांगलं हाय. पर आमी घरी धुरपाच म्हनावं का नवं म्हनावं, ते कळव.'

मी तिथंच पायरीवर बसले. नऊ पत्रं. नऊ वेळा मी आबांना सांगितलं होतं की मला तुमची गरज नाही, आणि नऊ वेळा त्यांनी ते कुणाकडून तरी समजून घेतलं होतं.

भगवानकाका मागं येऊन उभे होते. म्हणाले, "सेनगावच्या अलीकडं, रस्त्याच्या कडंच्या माळावर बसल्यात अजून. येताना एकानं सांगितलं. एक वाजताची गाडी हाय. जाय."

रेक्टरबाईंकडं परवानगी मागायला गेले तर त्या म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आणि तू मेंढ्या बघायला चाललीस?" मी हो म्हणाले. खोटं बोलायला तेव्हा सुचलं नाही. त्यांनी वहीत वेळ लिहून घेतली. "सहाच्या आत."

बसमधून उतरले तेव्हा माळावर ऊन सपाट पडलं होतं. मेंढ्या लांब उभ्या होत्या, एकमेकींच्या सावलीत तोंडं खुपसून. आबा बाभळीखाली उभे होते. त्यांना मी दिसले हे मला कळलं, कारण त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. पण हाक नाही मारली. नेहमी दोन शेतं पलीकडून 'धुरपेऽऽ' म्हणून ओरडणारा माणूस, तोंड उघडून उभा राहिला आणि मग कुत्र्यालाच हाकललं. "हाड, गप!" कुत्रं तर गप्पच होतं. मला चालता चालता समजलं. मला काय म्हणून हाक मारावी, ते मी त्यांना कळवलंच नव्हतं.

माय चुलीपाशी होती. तिला असल्या गोष्टींशी काही देणंघेणं नव्हतं. ती तिथूनच ओरडली, "अगं धुरपे, हाडकं निघाली की गं तुही! ते चविष्ट जेवन कुनाच्या पोटात गेलं?"

"हिचं नाव आता..." आबा हळूच म्हणाले.

"कागदावर काय बी आसंल. माह्या पोटातून धुरपा निघालती."

मी आबांच्या पाया पडले. म्हणाले, "आबा, धुरपाच म्हणा. ते नाव परीक्षेतलं आहे. पेपरात आपलं नाव लिहू देत नाहीत."

"काहून?"

"कुणाचा पेपर आहे ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून."

त्यांनी मान हलवली. त्यांना हे एकदम पटलं. बाजारात मेंढीचा सौदा करताना फडक्याखाली हात झाकून बोटं दाबतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. तसंच काहीतरी ते समजले असावेत. आम्ही जेवलो. भाकर, ठेचा, आणि मेंढीच्या दुधाचा खरवस. मागल्या रविवारी फडक्यात बांधून नाक्यावर धरून उभी राहिलेला खरवस मुक्कामावर पोचल्यावर कुत्र्याला घातला होता, हे मायनं सांगितलं. आबा म्हणाले, "कशाला सांगतीस?"

परीक्षेचं इथंच सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. पेपरात पत्र आलं, वडिलांना, वसतिगृहातल्या जीवनाचं वर्णन करणारं. गाइडातलं मला तोंडपाठ होतं. मी ते लिहिलं नाही. तीन-तीन, चार-चार शब्दांची वाक्यं केली, क्रियापद दुसऱ्या नंबरला. द डाळ इज थिन. आय वॉज अलोन. यू वेटेड ऑन द रोड. आय डिड नॉट कम. स्वल्पविराम आठवणीनं दिला. खाली अंजली लिहिलं. इंग्रजीत बेचाळीस मार्क पडले, मी निघाले. त्यातले पत्राचे किती, हे कधी कळलं नाही. नंतर कॉलेज झालं, नोकरी लागली, आता पन्नाशी जवळ आली. कचेरीत दिवसभर पत्रंच लिहिते, महोदय म्हणून सुरू होणारी, आणि प्रत्येकाखाली माझं स्वतःचं नाव असतं. पण मला पुन्हा त्या माळावर जायचं आहे, कारण तिथली शेवटची गोष्ट सांगायची राहिली.

जेवण झाल्यावर आबांनी तट्टाच्या खोगिराखालची थैली काढली. त्यात पत्रं होती. खताच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, वर सुतळी. नऊच्या नऊ. ज्या गावात मेंढ्या बसल्या, त्या त्या गावच्या गुरुजींकडून त्यांनी ती वाचून घेतली होती. काही दोन-दोनदा. त्यांनी सगळ्यात वरचं काढलं, मांडीवर ठेवून हातानं सरळ केलं आणि माझ्यापुढं धरलं.

"आता तू वाच. तुह्या तोंडून ऐकू दे. मराठीत सांग."

माझं पहिलंच पत्र होतं ते. उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली तारीख, माय डिअर फादर, स्वल्पविराम. द फूड इज टेस्टी अँड हेल्दी. माळावर वारा होता, कागद फडफडत होता. मी वाचायला लागले. एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं लिहिलंय की वरण पातळ असतं." दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "माझ्याशी कुणी बोलत नाही. मी टाकीमागं जाऊन बसते." मेनी फ्रेंड्स या शब्दांवर बोट होतं. "दिवस मावळला की मला कोकरं ओरडल्यासारखी वाटतात." आणि शेवटच्या ओळीवर, डोन्ट वरी अबाउट मी, तिथं मी थांबले. मग म्हणाले, "इथं लिहिलंय, आबा, एकदा या."

आबा कागदाकडं बघत होते. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण माणूस येत होता. माय चुलीतली राख उगाच सारखी करत होती. मग आबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, होती तशीच घडी केली, इतर आठांवर ठेवलं आणि सुतळी बांधायला लागले.

"त्या गुरुजीनं तर वेगळंच वाचलं होतं," ते म्हणाले.

गाठ मारून झाल्यावर ते मायकडं वळले. "म्हणजे बघ," आबा म्हणाले, "गुरुजीला काय इंग्रजी येत न्हाई."